उज्ज्वलाच्या गोष्टीतला बाप

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. सहा नव्हे, वीस बाजूंचा. साच्यात निळं प्लास्टिक ओतून मला घडवलं. आता माझे अंक पुसट झालेत, एक कोपरा उडालाय. माझं बोलणं कुणी ऐकेल का, अशी शंका मला नेहमीच येते. पण त्या रविवारी मी एवढा हादरलो, की आज सांगतोच.

सुरतेतल्या भेस्तानच्या चाळीत उज्ज्वला आणि तिचे कॉलेजातले मित्र मला घेऊन खेळतात. गजेंद्र राक्षसांची, जादूगारांची गोष्ट रचतो. बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. धाडस करायचं झालं की मला टाकायचं. वीस पडला की माझे मुके घेतात, एक पडला की खाटेखाली भिरकावतात. एकदा तर दिवाळीच्या साफसफाईपर्यंत मी तिथेच होतो.

खेळाआधी प्रत्येकाला आपल्या पात्राचं मागचं आयुष्य सांगावं लागतं. त्या दुपारी गजेंद्रने विचारलं, "तुझ्या योद्धीचं घरदार?"

उज्ज्वला ठसक्यात उभी राहिली. "आई लहानपणीच वारली. बाप रंगाच्या भट्टीवर होता. आज सकाळी भट्टी फुटली. बाप गेला!"

दारात शेजारच्या शांताबाई लोणच्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. शेवटचं तेवढंच त्यांच्या कानावर पडलं. उज्ज्वलाचे वडील भटूभाऊ पलसाण्याला रंगाईच्या कारखान्यात बॉयलरवरच कामाला. वाटी खळकन फुटली.

"सरलाबाई, घात व्हयना वं माय!"

आमच्या चाळीत आधी रडतात, मग विचारतात. "काकू, खेळ आहे हो!" उज्ज्वला ओरडत होती, पण त्या आक्रोशात ऐकणार कोण? तिची आई, सरलाबाई, नळावरच कोसळली. भटूभाऊंचा फोन कामाच्या वेळी फाटकावर जमा असतो, तो लागेना. कुणीतरी गावी, धुळ्याला कळवलं, भाऊबंद निघालेसुद्धा. मी फरशीवर गार पडलो होतो.

तेवढ्यात हातात डबा घेऊन भटूभाऊ आले. "काय व्हयनं? कोन गया?"

शांताबाई भिंतीला चिकटल्या. "तुम्हीच ना, भाऊ!"

धुळ्याला पुन्हा फोन गेले. आयुष्य वाढलं म्हणत लोक हसत पांगले. भटूभाऊ हसले नाहीत. ते लेकीसमोर बसले.

"मला का मारलंस?"

"आबा, आईबाप असले की गोष्टीतल्या पोरीला घर सोडता येत नाही. खेळणारे सगळेच त्यांना मारून टाकतात."

"मी सुरतेला निघालो तेव्हा माझा बाप एसटीपाशी उभा होता," ते म्हणाले. "तरी आलोच ना मी?"

उज्ज्वलाने डोळे पुसले. "गजेंद्र, माझ्या योद्धीचा बाप जिवंत आहे. आईसुद्धा."

मग राक्षस समोर आला. तिने मला मुठीत बराच वेळ धरलं आणि टाकलं. दोन पडला. तिची याआधीची सगळी पोरकी पात्रं अशा वेळी लढत मेली होती.

"पळ!" भटूभाऊ खाटेवरून ओरडले. "उद्या लढ! आधी घरी ये!"

आणि ती योद्धी पहिल्यांदाच माघारी फिरली.

मित्रांनो, गोष्टीत राक्षस हवे तेवढे मारा. आईबापांना मारण्याआधी मात्र एकदा त्यांना विचारा. आणि एक पडला तर मला भिरकावू नका. त्या क्षणी मीसुद्धा घाबरलेलाच असतो.