विहिणीचा पाय

"इहीर पाडताय का काय, विहीणबाई? भेंडीच लावायची हाय न्हवं?"

उपड्या बादलीवर बसल्या बसल्या सुलभाबाई खेकसली आणि गुडघा चोळायला लागली. समोर शैलजाबाई डाव्या पायानं फावडं दाबत तांबडी चिकण माती सपासप उलटत होती. अमेरिकेतल्या कॅरी गावात भाजीपाल्याला वाफे भाड्यानं मिळतात. प्रसादनं एक घेतला होता, आणि सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या या दोघी, त्याची आई सुलभाबाई नि सासू शैलजाबाई, तिथंच दिवस काढायच्या.

शैलजाबाईला पोरवयात कुष्ठ झालं होतं. औषधानं रोग पार गेला, पण बोटं वाकडी राहिली आणि पावलांची जाणीव गेली ती गेलीच. काटा रुतला तरी कळायचं नाही. सुलभाबाईला वाटायचं, बाई नशीब काढून आली. "दुखनंच न्हाई, मग कामाला काय धाड भरलीया?" त्यात नात केया "आजी, यू आर सो स्ट्राँग!" म्हणत शैलजाबाईला मिठी मारायची, तेव्हा सुलभाबाईच्या गुडघ्यापेक्षा पोटात जास्त दुखायचं. सुनेनं, निधीनं, आपल्या आईला जाड तळाचे भारी बूट घेतले होते. सासूला मात्र सेलातल्या सपाता!

शनिवारी भाकरी खायला सावलीत बसल्या, तर शैलजाबाईचा डावा बूट निघता निघेना. सुलभाबाईनं ओढून काढला. पाऊल टरारून सुजलेलं, लालबुंद. हात लावला तर तापलेला तवा. उजवं पाऊल मात्र गार.

"आवो, हे काय झालंया?"

"काय न्हाई. दुखत कुठं हाय?" शैलजाबाईनं पाय आखडून घेतला. "पोरास्नी सांगू नगा."

सुलभाबाईच्या जिभेवर आलं होतं. पण सांगितलं की लेक धावणार, जावई धावणार, पोर तिच्याच उशाला बसणार. आपले गुडघे दहा वर्षं बोंबलतायत, कुणी ढुंकून बघतंय? गिळली गोष्ट. रविवारीही गिळली.

सोमवारी शैलजाबाई फावड्यावर पाय ठेवायला गेली आणि पाऊल मधूनच खचलं. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. तेवढं बघून सुलभाबाईचा धीर सुटला. गुडघे विसरून ती धावली, फावडं हिसकावलं आणि फोनवर ओरडली, "प्रसाद, गाडी आन! आत्ताच्या आत्ता!"

दवाखान्यात पायाचा एक्स-रे काढल्यावर कळलं, पावलातली बारकी हाडं मोडली होती, सांधा सरकला होता. प्रसादनं येऊन सांगितलं, "आई, डॉक्टर म्हणाले, दुखत नाही म्हणून त्या मोडक्या पायावर चालत राहिल्या. आणखी उशीर झाला असता तर पाय कायमचा गेला असता. तीन महिने प्लास्टर. यू सेव्ह्ड हर."

घरभर सुलभाबाईचं कौतुक झालं. तिला एक घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रसाद-निधी कामावर नि केया शाळेत असताना, ती विहिणीजवळ जाऊन बसली.

"मी शनवारीच बोलायला पायजे हुतं. जळत हुते मी तुमच्यावर. पोर तुमच्याच मागं मागं असती म्हनून."

शैलजाबाईनं पांढऱ्या प्लास्टरवर वाकडी बोटं फिरवली.

"आन् मी कशापायी मरमर खनत हुते, म्हाईत हाय?" ती म्हणाली. "तुमास्नी दुखतंया म्हनून तुमी बसायचा. बसला की केया येऊन तुमच्या मांडीवर डोकं टाकायची. मला कंदी दुखलंच न्हाई, मग बसू कोनच्या तोंडानं? वाटायचं, तुमच्या गुडघ्यातली एक कळ तरी देवानं मला द्यावी."

सुलभाबाईनं पदर तोंडाला लावला. बाहेर शाळेची पिवळी बस थांबली. "केया," तिनं विहिणीकडं बोट करत दारातूनच हाक मारली, "आदी हिकडं ये. ह्या आजीच्या मांडीवर."