डाव्या कळीचा गूळ

हर्षालीला एम.एस्सी.ला दोन्हीकडं नंबर लागला, पुण्याला आणि संभाजीनगरला. भूमजवळच्या त्या वस्तीवर बी.एस्सी. झालेली ती पहिलीच पोर, आणि आता दोन मोठी विद्यापीठं तिला बोलावत होती! पोरीचे पाय जमिनीवर ठरेनात. रविवारी संध्याकाळपर्यंत मोबाइलवर एक जागा पक्की करायची, नाहीतर दोन्ही हातच्या गेल्या.

आठवडाभर तिनं घरात दुसरा विषय काढला नाही. बाप बब्रुवान, म्हणजे तिचे आबा, मेंढरं कोंडून बाजेवर टेकले की ही मोबाइल घेऊन हजर.

"आबा, संभाजीनगरला आपल्याकडची पोरं लई. आपल्या बोलण्याला कुणी हसायचं न्हाय. पण पुणं बघा की! साऱ्या मुलखातली पोरं. पोरी नाटकं बसवतात, उशिरापर्यंत वाचत बसतात, झाडाखाली बसून वाद घालतात."

"पोरंबी असत्यात का झाडाखाली?"

"असतात की. त्यात काय?"

"व्हय, व्हय," आबा म्हणायचे आणि मोबाइलवरच्या फोटोकडं बघत राहायचे. हर्षालीला वाटायचं, आबांना पटतंय. एवढी शिकली, पण बापाचं 'व्हय' काही तिला ओळखता आलं नाही!

रविवारी सकाळी आबा म्हणाले, "बिरोबाला कौल लावू. देव म्हणंल ते."

वस्तीवर विहीर खणायची असो, सोयरीक असो, कौलाशिवाय पान हलत नाही. देवाच्या दोन्ही खांद्यांना कण्हेरीच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या, मागणाऱ्यानं डोकं टेकून मनातल्या मनात विचारायचं आणि कुठली आधी गळते ते बघायचं. उजवी गळाली की देवाचा होकार.

"उजवी पुणं, डावी संभाजीनगर," हर्षाली वाटेतच बोलून मोकळी झाली. आबा पुढंच चालत राहिले. मागून आई, जगदेवी, निवदाचं ताट घेऊन येत होती.

कळ्या कुवार पोरीनं चिकटवायच्या, अशी तिथली रीत. पुजारी रेवणसिद्ध पाठमोरा होऊन दिव्यात तेल घालत होता. हर्षालीनं निवदाचा गूळ पाण्यात भिजवून बोटावर घेतला आणि डावी कळी त्या गुळानं अशी दाबून बसवली की हलायचं नाव नको. उजवी नुसत्या पाण्यावर. देवा, एवढा डाव माफ कर, ती मनात म्हणाली.

आबांनी डोकं टेकलं. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. पाणी सुकत आलं तशी उजवी कळी घसरली आणि देवाच्या पायाशी पडली.

"पुणं! आबा, पुणं!" हर्षालीनं टाळीच वाजवली आणि मोबाइल काढला.

आबांनी तिचा हात धरला. "थांब. म्या पुण्याचं इचारलंच न्हाय."

"मग?"

"हरणाआक्काच्या नंदीशला पोरगी द्यावी का, असं इचारलं. देवानं उजवी दिली."

हरणाआक्का म्हणजे हर्षालीची आत्या, नंदीश आत्याचा पोरगा. हर्षालीनं आईकडं बघितलं. आईनं मान खाली घातली. तिला सगळं ठाऊक होतं!

"आबा, कौल खोटा हाय. डाव्या कळीला म्या गूळ लावलाय. हात लावून बघा!"

रेवणसिद्धानं कळी ओढली. ती निघता निघेना. त्यानं बोटं चोळून वास घेतला आणि आबांकडं बघून मान डोलावली. क्षणभर हर्षालीला वाटलं, सुटले.

"देवाच्या अंगाला गूळ लावतीस?" आबांचा आवाज अगदी खाली आला होता. "हितं, आईबापाच्या देखत? मग तिकडं झाडाखाली काय करशील गं?"

"आबा, पुणं नको. संभाजीनगरला जाते. तुमी म्हणाल तशी ऱ्हाते..."

आबांनी तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला. जागा पक्की करायचं पान उघडंच होतं, ते त्यांनी अंगठ्यानं बाजूला सारलं आणि बहिणीला फोन लावला. डावी कळी तेवढी अजून खांद्यालाच होती. आबांनी त्या कळीकडं बघितलं आणि पाठ फिरवली.

"आक्का," ते म्हणाले, "कौल उजवा आला."