तोलोमुश बातिरची पिलावळ

किरगीझ माणसाला आपले सात बापजादे तोंडपाठ हवेत, नाहीतर चारचौघांत तोंड दाखवायची सोय नाही. आणि त्या सातांत एक जरी दोन्ही घरांत समान निघाला, तर लग्न बाद. अट-बाशी गावात हा हिशेब शारशेन म्हाताऱ्याकडे असे. रशियन गेले, देश स्वतंत्र झाला आणि जो तो शूर पूर्वज शोधत फिरू लागला. शारशेनने तो पुरवला. चाळीस काल्मिकांना, म्हणजे जुन्या शत्रू टोळीच्या लोकांना, एकट्याने लोळवणारा तोलोमुश बातिर, म्हणजे वीर तोलोमुश, एका दुपारी घोडीचं आंबवलेलं दूध, कुमीस, पिता पिता त्याच्या डोक्यात जन्मला. जो मेंढी घेऊन आला, त्याच्या घराण्यात तो शिरला. पुस्तक छापलं, चौकात पुतळा बसला. शारशेनने गुपचूप स्वतःलाही त्याच्याच वंशात घुसवलं.

मग त्याची नात बुरुल गावातल्याच काद्यरच्या नातवाच्या प्रेमात पडली; मेंढी देऊन तोलोमुश घेतलेल्यांपैकीच हा काद्यर. मुलाकडचे मागणीची सोन्याची कर्णफुलं घेऊन आले, मेंढी शिजली आणि काद्यरने मोठ्या हौसेने पुस्तक उघडलं.

"अरे शारशेन, तोलोमुश तुझा पाचवा बाप आणि आमचाही पाचवाच. पोरं भाऊबहीण लागतात की." त्याने कर्णफुलांची डबी खिशात घातली.

बुरुलचा चेहरा पांढराफटक पडला.

"तोलोमुश नव्हताच कधी," शारशेन म्हणाला. "मीच रचला तो."

सगळे हसले. "नातीपायी म्हाताऱ्याची जीभ सुटली," काद्यर म्हणाला. "पुतळा काय हवेचा आहे? मिशा मी स्वतः रंगवल्यात त्याच्या."

खरं सांगून भागेना. शारशेनने गुडघ्यांवर हात दाबले.

"बरं, असेल तुमचा. माझा नाही. माझा पाचवा बाप लढाईत पकडून आणलेला काल्मिक पोर होता. गुलाम. तुमच्याच तंबूंपुढचं शेण भरायचा."

पुरावा कुणीच मागितला नाही.

"मला वाटलंच होतं," काद्यर खुलून म्हणाला. "नाक बघा ना याचं. असो, आमचं मन मोठं आहे." डबी बाहेर आली. शारशेनपुढे मानाने ठेवलेलं मेंढीचं डोकं त्याने उचलून स्वतःपुढे घेतलं. शारशेन मानाच्या जागेवरून उठला आणि दाराशी जाऊन बसला.

कर्णफुलं घालून बुरुल त्याच्यासाठी चहा घेऊन आली.

"माझ्यासाठी इतकं खोटं बोललात, आबा?"

"चहा दे," शारशेन म्हणाला. "आज खोटं एकही बोललो नाही."