घाईचं न्हाय, चालत या

बिद्रीच्या अलीकडच्या त्या गावात फोन येणं ही काही खाजगी बाब नव्हती. दोन हजार एक साल होतं. कोल्हापुरात पोरं कमरेला मोबाईल लावून हिंडायला लागली होती, पण गावात सगळ्यांचा नंबर एकच, दूध डेअरीचा. लग्नपत्रिकेवर तोच, नोकरीच्या अर्जावर तोच, मुंबईच्या पाहुण्यांकडंही तोच. फोन आला की डेअरीचा सेक्रेटरी जोतीराम आधी विचारायचा, "कोण बोलतंय? काय काम हाय?" आणि मग भोंग्यावर सगळं सांगून टाकायचा. नुसतं 'फोन आलाय' म्हटलं की माणसं घाबरून पळत सुटतात. एकदा एक म्हातारा तसाच धोतर सावरत पळत आला, पायरीवर आपटला, मांडीचं हाड मोडून घेतलं, आणि फोनवर कोण, तर जावई. म्हस व्याली का म्हणून विचारत होता! तेव्हापासून जोतीराम कामासकट पुकारा करायचा आणि शेवटी सांगायचा, "मयत हाय, पळत या," नाहीतर "घाईचं न्हाय, चालत या." गावाला ही पद्धत फार पसंत होती. दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला कुणाला नको असतंय?

झुंबरबाईला हे काय माहीत नव्हतं? पण कोल्हापूरच्या मदत केंद्रातल्या बाईनं फोनवर "तुमचा नंबर सांगा" म्हटलं आणि हिच्या तोंडातनं डेअरीचा नंबर पाढ्यासारखा बाहेर पडला. सवय, दुसरं काय!

झुंबरबाईचा नवरा हंबीरराव त्याच डेअरीचा संचालक. बाहेर साखर पेरत बोलणारा, दुसऱ्यांच्या भावकीची भांडणं मिटवणारा, आणि उंबरा ओलांडून आत आला की हात आधी, तोंड मागनं. झुंबरबाईनं लग्नापासून तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेला. भाकरी करपली म्हणून, म्हस आटली म्हणून, आणि काहीच नसलं तर अशी बघतीस का म्हणून. एका थपडेत तिचा डावा कान गेला होता. ती म्हणायची, जाऊ दे, उजवा हाय की.

पण हात पोरीवर पडायला लागला तसं तिचं आतडं तुटायला लागलं. अनुजा बारावीला होती, अजून अठरा पुरी व्हायची होती. हंबीररावानं तिला मलकापूरला, आपल्या बहिणीच्या पोराला द्यायचं ठरवलं. त्या पोराची पहिली बायको दोन दात पाडून घेऊन माहेरी पळालेली, हे सगळ्या पाहुण्यांत माहीत. अनुजा बापाच्या तोंडावर म्हणाली, "मी न्हाय करणार." बापानं तिला गोठ्यात नेऊन म्हशीच्या दाव्यानं मारलं. दावं तुटलं तेव्हा थांबला. त्याच आठवड्यात पोरीनं फवारणीचं औषध तोंडाला लावलं.

वाचली म्हणा. तालुक्याच्या दवाखान्यात हंबीररावानं सांगितलं, "चुकून प्याली," आणि झुंबरबाईनं शेजारी उभं राहून मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची! घरी आणायच्या दिवशी तिथल्या एका नर्सनं मात्र तिला बाजूला घेतलं. "मावशी, कुणाला सांगतायसा? ती चुकून प्याली न्हाय, आणि हे असंच चाललं तर परत पिणार. कोल्हापुरात एक केंद्र हाय असल्या पोरापोरींसाठी. मनाचा डॉक्टर हाय, वकील हाय, ऱ्हायची सोय हाय. फुकट हाय समदं. एकदा फोन तर करा." असं म्हणून तिनं झुंबरबाईकडनं नंबर तीनदा घोकून घेतला.

झुंबरबाईनं लगेच फोन केला असं नाही. भीती होती, आणि लाज त्याहून मोठी. पण हंबीररावानं परत लग्नाची तारीख काढली, आणि या वेळी अनुजा काहीच बोलली नाही. मारलं तरी रडायची नाही, खाल्लंस का विचारलं तरी हूं नाही. एक दिवस वैरण काढताना पेंढ्यांच्या मागं औषधाची बाटली सापडली, पदराच्या चिंधीत गुंडाळलेली. झुंबरबाईनं ती उचलून पेटीत टाकली. मग बाजाराच्या निमित्तानं बिद्रीला गेली आणि साखर कारखान्याच्या फाटकासमोरच्या फोनबूथमध्ये शिरून तिनं नंबर लावला.

पलीकडं निशा कांबळे म्हणून एक बाई होती. तिनं अगंबाई केलं नाही, 'असं कसं झालं' म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाली, "ताई, तिला एकटं सोडू नका. घरातली औषधं कुलपात ठेवा. आणि आज तिला स्पष्ट विचारा, मरावंसं वाटतंय का. विचारल्यानं कुणी मरत नाही, न विचारल्यानं मरतात. शुक्रवारी डॉक्टर येतात. घेऊन या, बाकी आम्ही बघतो." आणि शेवटी तिनं नंबर मागून घेतला, तोच तो डेअरीचा.

त्या दिवशी चुलीपुढं झुंबरबाईनं विचारलं, "अनू, मरावंसं वाटतंय व्हय गं?" पोरगी विस्तवाकडं बघत म्हणाली, "रोज." आणि हमसाहमशी रडायला लागली. आईनं तिला कुशीत घेतलं, आणि दोघींनी ठरवलं की शुक्रवारी अंबाबाईची ओटी भरायची म्हणून निघायचं आणि परत यायचं नाही. शुक्रवार देवीचा, हंबीरराव काय म्हणणार? कप्पाळ!

बुधवारी संध्याकाळी दूध घालायची वेळ. गावातली निम्मी माणसं किटल्या घेऊन डेअरीच्या रांगेत, हंबीररावही तिथंच कट्ट्यावर पानाला चुना लावत बसलेला. झुंबरबाई घरात भाकरी थापत होती. अनुजा चटणीसाठी मिरच्यांची देठं खुडत होती. आणि भोंगा खरखरला.

"हंबीरराव आण्णांच्या मंडळी, झुंबरबाई! कोल्हापूरच्या मदत केंद्रातनं फोन हाय. अनुजानं औषध पिलेल्या बाबतीत. मनाचा डॉक्टर शुक्रवारी न्हाय, उद्या सकाळी हाय. घाईचं न्हाय, चालत या."

जोतीरामाच्या मनात काडीचं पाप नव्हतं. केंद्रात त्या दिवशी फोनवर कोणी नवखी पोरगी होती. यानं नेहमीसारखं विचारलं, "काय काम हाय?" तिला वाटलं, घरचंच माणूस असणार. बोलून गेली बिचारी. मूठ उघडली, आणि तीसुद्धा भोंग्यावर!

झुंबरबाईच्या हातातली भाकरी परातीत गळून पडली. "अनू, ऊठ. चप्पल घाल. मागच्या दारानं," ती म्हणाली. पण मागच्या दाराला वैरणीचे भारे लावलेले. ते सरकवेपर्यंत पुढचं दार धाडकन उघडलं.

हंबीरराव ओरडला नाही. तो ओरडायचा तेव्हा मार कमी असायचा, हे मायलेकींना ठाऊक होतं. त्यानं झुंबरबाईचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, परत एकदा. "कोल्हापुरात फोन? माझ्या इज्जतीचा पंचनामा करतीस? रांगेसमोर बसलोतो मी, रांगेसमोर!" पोटात लाथ बसली तशी ती चुलीशेजारी कोसळली. तव्यावरची भाकरी जळून धूर झाला होता, नाकातनं रक्त तोंडात येत होतं. अनुजा मधी पडली, "आण्णा, सोडा तिला! फोन माझ्यासाठी हाय!" तर त्यानं तिला कानाखाली वाजवली, ती मिरच्यांच्या सुपावर पडली. दारात, खिडकीत माणसं जमली होती. शेजारची चिमणाबाई तोंडाला पदर लावून उभी. पण कुणी आत येईना. नवराबायकोच्या भांडणात पडू नये म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातंय!

मग हंबीररावानं ते केलं जे त्यानं त्याआधी कधी केलं नव्हतं. त्यानं कोनाड्याखालच्या पेटीचं कुलूप लाथेनं तोडलं. झुंबरबाईनं निशाताईचं ऐकून औषधं तिथंच कुलपात ठेवली होती. त्यानं एक बाटली काढली, बूच दातानं उपसलं, अनुजाच्या छातीवर गुडघा दाबला आणि बाटली तिच्या तोंडाला लावली. "तुला मरायचं हाय न्हवं? मर की! समद्या गावासमोर मर! फोन करून कशाला विचारतीस?"

आणि झुंबरबाईनं बघितलं. जमिनीवर पडल्या पडल्या, एका सुजलेल्या डोळ्यानं बघितलं. ज्या पोरीनं आपल्या हातानं हेच औषध तोंडाला लावलं होतं, ती आज दात घट्ट आवळून पडली होती. औषध ओठांवरनं गालावर, मानेवर ओघळत होतं, आणि अनुजा पाय झाडत होती, नखांनी बापाचं मनगट ओरबाडत होती, मान इकडं तिकडं फेकत होती. त्यानं जबडा उघडायला बोट घातलं तर तिनं ते कडकडून चावलं. पोरीला जगायचं होतं! एवढं, एवढं जगायचं होतं तिला! झुंबरबाईच्या अंगात काय आलं देव जाणे. अंबाबाई आली म्हणा, नाहीतर इतक्या वर्षांचा मार उलटून आला म्हणा. कोपऱ्यात चटणी कांडायचं मुसळ होतं, खाली लोखंडी कडं बसवलेलं. ते तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि बाटली धरलेल्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज दारातल्या माणसांनाही ऐकू गेला.

हंबीरराव गुरासारखा ओरडला. बाटली फुटली, सगळ्या घरात उग्र वास सुटला. तो दुसऱ्या हातानं तिच्या अंगावर आला, तसा तिनं दुसरा घाव गुडघ्यावर घातला. तो पडला. तिसऱ्यासाठी मुसळ वर गेलं, ते त्याच्या डोक्यावरच होतं.

"आई," अनुजा म्हणाली. "चल."

मुसळ तिथनं बाजूला झालं, पण झुंबरबाईनं ते खाली ठेवलं नाही. एका हातात मुसळ, दुसऱ्या हातात पोरीचा दंड, अशी ती दारात आली. माणसं आपसूक बाजूला झाली. चिमणाबाई म्हणाली, "अगं, डोक्यावर पदर तरी घे." झुंबरबाई तशीच पुढं चालली. पदराचं काय घेऊन बसलीस बये, इथं जीव चाललावता!

डेअरीवर दुधाची मापं थांबली होती. झुंबरबाईनं आधी पोरीला नळाखाली बसवलं, तोंड, मान, केस खळाखळा धुतले, दहा वेळा चूळ भरायला लावली. "पोटात गेलं का? खरं सांग." अनुजानं मानेनंच न्हाय म्हटलं. मग दोघी आत गेल्या. जोतीरामाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "वैनी, आईशप्पथ, मला काय म्हाईत? मी आपलं रोजच्यासारखं..."

"भोंगा बंद कर," झुंबरबाई म्हणाली, "आणि कोल्हापूर लाव." नंबर तिनं तोंडपाठ सांगितला.

"आण्णा काय म्हणतील? संचालक हायत ते. माझी नोकरी..."

"लाव म्हटलं न्हवं!"

त्यानं नंबर फिरवला. झुंबरबाईला वाटलं होतं आपणच बोलू, पण अनुजानं पुढं होऊन रिसिव्हर घेतला. ओठ फुटलेले, गालावर पाच बोटं उठलेली, केसातनं पाणी गळतंय. "मी अनुजा. निशाताईंस्नी द्या," ती म्हणाली.

बाहेर गलका झाला. हंबीरराव लंगडत, मोडलेला हात पोटाशी धरून येत होता, मागं भावकीतली दोघंतिघं. "फोन खाली ठेव म्हणावं तिला! जित्ती सोडत न्हाय मी दोघींना!" किटल्या घेतलेली माणसं भिंतीला चिकटली. झुंबरबाई बाहेर आली आणि डेअरीच्या दारात, वरच्या पायरीवर उभी राहिली. मुसळ तिनं दोन्ही हातांत आडवं धरलं. हंबीरराव खालच्या पायरीपर्यंत आला आणि त्याची नजर मुसळाच्या कड्यावर गेली. तिथंच थबकला गडी. मागची भावकीही थबकली.

डेअरीचा फोन जुना, पलीकडचं माणूस बोललं की खोलीभर ऐकू यायचं. निशाताई विचारत होती, अनुजा उत्तरं देत होती. औषध पोटात गेलंय का? न्हाय, थुकलं. तरी दवाखान्यात आधी जायचं, मी गाडी घेऊन निघते, पोलिसांना सांगूनच निघते. बरं. पोहोचायला वेळ लागेल, धीर धरशील ना? धरीन. आणि मग निशाताई हळू आवाजात म्हणाली, "बाळ, एक सांग. आत्ता, या क्षणाला, तू सुरक्षित आहेस का?"

अनुजानं मान वळवून दाराकडं बघितलं.

"हाय," ती म्हणाली. "आई दारात उभी हाय."