पांढरं भूत

कारखान्यात त्यांना सगळे गुंडाळेच म्हणायचे. खरं आडनाव काय, ते पगाराच्या खिडकीतल्या कारकुनालाच ठाऊक. वाफेच्या तापलेल्या नळांवर अ‍ॅस्बेस्टॉसचा लगदा थापायचा आणि वरून त्याचंच कापड घट्ट गुंडाळायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. लगदा हातानेच कालवायचा. तोंडाला साधं फडकंसुद्धा नाही. उलट जेवणाच्या सुट्टीत त्याचे गोळे करून एकमेकांना फेकून मारायचे आणि पोट धरून हसायचे. कुणाला काय कल्पना! ज्यांना होती ते मूग गिळून बसले होते.

निवृत्तीनंतर गुंडाळेंचं तसं झकास चाललं होतं. सकाळी फिरणं, दुपारी डुलकी, संध्याकाळी बायकोशी भांडण. लेकीने गेली काही वर्षं छाती तपासून घ्या म्हणून भुणभुण लावली, तेव्हा कुठे ते यंदा डॉक्टरीणबाईंकडे गेले. फुप्फुसाचं आवरण थोडं जाड झालंय, बाई म्हणाल्या, कॅन्सर नाही. पण या धुळीचा धोका तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा डोकं वर काढतो, तेव्हा दरवर्षी यायचं. मग बाईंनी विचारलं, "कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

झालं, बायकोच्याही छातीचा फोटो निघाला. तो स्वच्छ आला तेव्हा गुंडाळे दवाखान्याच्या जिन्यातच बसले आणि ढसाढसा रडले.

"अहो, उठा," बायको म्हणाली. "लोकांना वाटेल मी गेले."

राहिली लेक. आणि तिथेच गुंडाळेंचं घोडं अडलं.

बाकीचे कामगार सुटताना अंघोळ करून, कपडे बदलून निघायचे. न्हाणीघरापुढे ही लांबच लांब रांग. गुंडाळेंना तेवढा धीर कुठला? लेक झोपायच्या आत घर गाठायचं म्हणून ते तसेच, डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक, सायकलवर टांग मारायचे. लेक दारातच असायची. "भूत आलं, भूत आलं!" करत पायांना बिलगायची आणि विजारीवर चापट्या मारून धूळ उडवायची. धुरळा जितका जास्त तितकं तिचं खिदळणं जास्त. ही गोष्ट ती आजही आपल्या मुलांना रंगवून रंगवून सांगते. त्या धुरळ्यातच सगळं विष होतं, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

रविवारी लेक एकटीच जेवायला आली.

"आज तुम्ही सांगता की मी सांगू?" बायकोने दरडावलं.

"सांगतो गं. आधी जेवू तर दे तिला."

जेवण झालं. चहा झाला. पंख्याची कुरकुर, शेजाऱ्यांची मांजर, भाजीचे भाव, गुंडाळेंनी एक विषय सोडला नाही. आत बायको भांडी आपटून आठवण करून देत होती. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई, कपडे, रांग, धूळ. "माझंच चुकलं पोरी. अर्धा तास थांबलो असतो तर..."

लेक शांतपणे ऐकत होती. "बाबा, मला माहीत आहे."

"काय?"

"तीन-चार वर्षं झाली. आमच्या ऑफिसच्या तपासणीत विचारलं, वडील काय काम करायचे? मी सांगितलं, तसे ते डॉक्टर गंभीरच झाले. तेव्हापासून दरवर्षी तपासून घेते. अजून तरी सगळं ठीक आहे."

"म्हणून माझ्या मागे लागली होतीस होय! आणि कारण काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही अन्नपाणी सोडलं असतंत. आणि मला ते भूत आवडायचं, बाबा. घरी लवकर यायचं ना ते."

ओल्या हातांनी दारात आलेली बायको म्हणाली, "दोघं एकाच माळेचे मणी! एक लपवतो, दुसरी त्याच्यावर कडी करते." आणि पदराने डोळे पुसत परत आत गेली.

गुंडाळेंचा जीव भांड्यात पडला. हसावं की रडावं कळेना. पण मग मनात काहीतरी टोचलं.

"पहिल्यांदा गेलीस, तेव्हा बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही. आमच्या घरीसुद्धा नंतर सांगितलं."

"एकटी गेलीस?"

लेकीने मान खाली घातली. "नाव पुकारेपर्यंत बाहेर बसले होते. खूप भीती वाटली होती, बाबा."

"आता कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"मी येणार."

"अहो, तुम्ही कशाला..."

"येणार म्हणजे येणार. तिथे एकटीने बसायचं नाही तुला."

लेकीने मान वर केली. मग म्हणाली, "सकाळी फार लवकर निघावं लागतं, बाबा. उठाल ना?"