ज्या पेटीला पाहून रत्नम्मानं दार लावलं

मित्रांनो, तुम्ही मला नक्की पाहिलं आहे. पण तेव्हा तुम्ही आईच्या मांडीवर भोकाड पसरून रडत होता, म्हणून मी तुमच्या लक्षात राहिले नसेन. मी लशीची पेटी आहे. निळं अंग, पांढरं झाकण आणि खांद्याला अडकवायचा पट्टा. पट्टा तुटला तेव्हा तो चांभाराकडून शिवून घेतला. झाकणाची कडी सैल झाली तेव्हा तिला सुतळी बांधली. आता मी म्हातारी झाले आहे, पण अजून कामावर आहे.

मला घडवलं त्या कारखान्याचं मला फारसं काही आठवत नाही. आठवतं ते उदगीरजवळचं आरोग्य केंद्र आणि वहिदा सिस्टर. वहिदा सिस्टरचं माहेर-सासर दोन्ही उदगीरच्या किल्ल्याजवळच्या गल्लीत. सकाळी ती माझ्या पोटात बर्फाच्या चपट्या डब्या रचायची, मधोमध लशीच्या इवल्याशा बाटल्या ठेवायची आणि मला खांद्याला लावून एसटीत बसायची. गावात शिरलो की पोरं ओरडायची, "डोसाची पेटी आली रे!" काही पळायची, काही मागं मागं यायची. बायका मला सावलीत ठेवायला जागा करून द्यायच्या. मला वाटायचं, आपल्यासारखं भाग्य कुणाचं?

पण निंबहाळ नावाच्या गावात एक दार होतं. मी दिसले की ते लागायचं.

त्या घरात रत्नम्मा राहायची. नवरा बसवंत, त्याचं पुढच्या खोलीत छोटं किराणा दुकान. सासू गुरम्मा. मुलगा शिवमूर्ती सहा वर्षांचा, आणि पाठची दानेश्वरी, म्हणजे दानू, जेमतेम उभी राहू लागलेली. शिवमूर्ती बोलत नव्हता. हाक मारली तर वळत नव्हता. तासन्‌तास तागडीचं पारडं हलवत बसायचा आणि ते कुणी थांबवलं की भिंतीवर डोकं आपटायचा. पूर्वी तो तीन-चार शब्द बोलायचा. पाणी हवं असलं की कानडीत "नीरू, नीरू" म्हणायचा. तो दीड वर्षाचा असताना रत्नम्मा त्याला सुई द्यायला घेऊन आली, आणि पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत ते शब्द एकेक करून गेले.

ती सुई माझ्याच पोटातल्या बाटलीतून भरलेली होती.

वहिदा सिस्टर एकदा त्या दारात थांबली आणि म्हणाली, "रत्नम्मा, दानूचे डोस राहून गेलेत. गोवराची सुई तरी घे."

रत्नम्मा दाराच्या फटीतून म्हणाली, "एक लेकरू त्या पेटीनं खाल्लं माझं. आता दुसरं देऊ का? उचला ती पेटी माझ्या दारातून."

मित्रांनो, तेव्हापासून माझी झोप उडाली. इतकी वर्षं मी पोरांना वाचवते असं समजत होते. आता प्रत्येक बाटली आत ठेवताना मला धास्ती वाटायची. हीच ती असेल का? मी काही विचारू शकत नव्हते आणि मला कुणी काही सांगत नव्हतं. त्या बाईचं म्हणणं खरं असेल तर?

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. निंबहाळच्या विहिरींचा तळ दिसत होता. टँकर आला की घागरींची झुंबड उडायची. वीज कधी यायची, कधी नाही, त्यामुळं माझ्या बर्फाचे हाल. आणि अशातच पारावर एकच विषय, उदगीर जिल्हा होणार. गावचे सरपंच मलप्पा रोज नवी बातमी आणायचे. एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, "जिल्हा हुईल तवा हुईल रे बाबा, आदी टँकर तर येऊ दे."

त्याच उन्हाळ्यात नांदेडहून डॉक्टर सुलभा कंधारे आल्या. शिवमूर्तीसारखी स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली, मुलं किती आहेत आणि हे कशामुळं होतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. शहरातली मुलं दवाखान्यात दिसतात, पण खेड्यातली कुणी मोजलीच नव्हती. रक्ताचे नमुने नेण्यासाठी त्यांना थंड पेटी हवी होती. वहिदा सिस्टरनं मला पुढं केलं.

चावडीवर मलप्पा सरपंच खुर्चीवरून उठले नाहीत. "आमच्या गावात तसलं लेकरू एक बी न्हाई, बाई. शून्य लिहा. उद्या जिल्हा व्हायचाय, उगं गावाचं नाव कशाला खराब करता?"

डॉक्टर घरोघर फिरल्या. सगळीकडं तेच उत्तर. एका घरात आतून कुणीतरी एकाच लयीत टाळ्या वाजवत होतं, आणि ओसरीवर बसलेला बाप सांगत होता, "आमच्याकडं न्हाई कुणी." दुसऱ्या घरात एक पोरगी दिसली, तर म्हणे पाहुण्यांची आहे, उद्या जाणार. संध्याकाळी डॉक्टर लिंबाखाली टेकल्या. घसा कोरडा पडला होता, पण पाणी मागायचीही चोरी. वहिदाला म्हणाल्या, "खरंच शून्य असतं तर किती बरं झालं असतं."

तेवढ्यात समोर रत्नम्मा उभी राहिली. कडेवर दानू. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"डॉक्टरबाई, माझं नाव लिहू नका. एकच सांगा. सुईनं लेकरू मुकं हुतं का?"

"का विचारताय?"

"खालच्या आळीत गोवर आलाय म्हनून राहिलेत. हिला सुई दिल्याली न्हाई. दिली तर हिचं बी त्याच्यावानी हुईल. न दिली तर..."

हाच तर माझाही प्रश्न होता.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या, "सुईमुळं होत नाही. पण तुम्ही माझ्या एका शब्दावर का विश्वास ठेवावा? घरी चला. मला मुलाबद्दल सगळं सांगा, अगदी जन्मापासून."

डॉक्टरांच्या खांद्यावरून मीही त्या दारातून आत गेले, आणि रत्नम्मा सांगू लागली. सुईनंतर काय काय गेलं ते तिला तोंडपाठ होतं. डॉक्टर पुन्हा पुन्हा मागं जायच्या. "त्याच्या आधी? पाळण्यात असताना?" रत्नम्माला काही आठवेना. तेव्हा उंबऱ्याशी चिंचोके फोडत बसलेली गुरम्मा बोलली. ही तीच गुरम्मा, जी इतकी वर्षं सुनेला ऐकवत आली होती की नको म्हणत असताना लेकराला सुईला नेलंस.

"जावळाच्या टायमाला वरीस पुरं झालं नव्हतं त्याला," गुरम्मा म्हणाली. "मामाच्या मांडीवर बसवलं. समदे हाका मारून राहिले, शिवा, शिवा! त्यानं कुणाकडं मान वळवली न्हाई. देवळातल्या समईची साखळी हलत हुती, तिच्याकडंच बघत हुता. पाळण्यात बी तसंच. मी वाकून तोंड पुढं केलं तर माझ्याकडं न्हाई, पाळण्याच्या कडीकडं बघायचा. मी म्हनलं, लई शांत लेकरू हाय..."

हातातला दगड हातातच राहिला.

रत्नम्मा हळूच म्हणाली, "आत्याबाई, दीड वर्साची सुई तवा कुठं झाली हुती?"

गुरम्मानं दगड खाली ठेवला. मग डॉक्टर म्हणाल्या, "बोलायला लागलेलं मूल मागं जातं ते बहुतेक दीड वर्षाच्या आसपास लक्षात येतं. ती सुईही त्याच वयात असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात, म्हणून एकीमुळं दुसरी झाली असं वाटतं. जगात लाखो मुलांचा ताळा मांडून पाहिलाय. सुई न घेतलेल्या मुलांतही हे तेवढंच सापडतं. मेंदूची घडण पोटात असल्यापासूनच वेगळी होत जाते."

"मग कशानं? माझ्या पोटात काय बिघडलं?"

"तुमचं काही चुकलं नाही. रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या जे उतरतं, त्याचा यात मोठा हात असतो. कधी एखादा बदल बाळातच नव्यानं होतो. बाकीचं आम्हाला अजून पुरतं ठाऊक नाही."

रत्नम्मा एकदम चिडली. "एवढं शिकलात आन्‌ ठाऊक न्हाई म्हनता?"

"नाही ठाऊक," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून तर तुमचं, शिवमूर्तीचं आणि त्याच्या वडिलांचं थोडं रक्त मागायला आलेय."

दुकानातून बसवंत आत आला. सगळं ऐकत होता तो. "रक्त न्हाई देनार. रक्तात खोट हाय असं गावात झालं तर उद्या माझ्या पोरीला कोन करून घेईल? बायकोवर हुतं ते आता घराण्यावर आनता का?"

डॉक्टर उठल्या. मला रिकामीच उचललं. सुटले म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. दोष माझ्यावरून उठला होता, तरी तो कुठं ठेवायचा हे त्या घराला कळत नव्हतं. जाताना मी पाहिलं, रत्नम्मा दानूला घट्ट धरून तशीच बसली होती.

चार दिवसांत गोवर वरच्या आळीत आला. टँकरच्या गर्दीत पोरं एकमेकांना खेटून उभी राहायची, मग काय! एका मुलीचे डोळे लाल झाले, अंगभर पुरळ उठलं आणि तिला छातीत कफ भरून उदगीरला न्यावं लागलं. वहिदा सिस्टर भर उन्हात मला घेऊन धावली. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. पोरांच्या रडण्यानं छप्पर उडायची पाळी आली.

रत्नम्मा आली. एका हातानं शिवमूर्तीला धरलेलं, कडेवर दानू. ती दूर खांबापाशी उभी राहिली. परत फिरली. फाटकापर्यंत गेली, पुन्हा आली. त्या कल्लोळानं शिवमूर्तीनं कानांवर हात दाबले आणि किंचाळत जमिनीवर बसला. बायका बघू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "येड्याला कशाला आनलं?"

वहिदा कडाडली, "चूप! ज्यांचं झालं त्यांनी घर गाठा. उरलेल्यांनी बाहेर लिंबाखाली थांबा. चला, हटा!"

व्हरांडा शांत झाला. शिवमूर्ती उठला, सरळ टेबलाकडं आला आणि त्यानं आपला घामेजलेला गाल माझ्या गार झाकणावर टेकवला. मला अशी जवळीक कुणी कधी दाखवली नव्हती. मी हलू शकत नाही, पण हलू शकत असते तरी हलले नसते. रत्नम्मा त्याला ओढायला पुढं झाली आणि मग तिचा हात थांबला. मुलगा डोळे मिटून स्वस्थ होता.

"वहिदाबाई," ती म्हणाली, "हिला द्या. पन मला बघवायचं न्हाई. तुमी धरा हिला."

"मी सुई देऊ का धरू?" वहिदा हसली. "तूच धर. आई धरते तेव्हा लेकरू लवकर थांबतं."

दानू रडली. रत्नम्मा तिच्याहून जास्त रडली.

पण तिची तगमग संपली नाही. दानूला कणकण आली, दोन दिवसांत उतरलीही. तरी रत्नम्मा दिवसभर तिला हाका मारत राहिली. दानू! दानू! वळली का? बघितलं का? लेकरू दमून कंटाळायचं, मान फिरवायचं, आणि आईच्या काळजात धस्स व्हायचं. वहिदा मला घेऊन तिकडून जायची तेव्हा मला हे दिसायचं. दिवस गेले, आठवडे गेले. दानू वळत राहिली, बोटानं कावळा दाखवू लागली, आजीला हाक मारू लागली. तरी रत्नम्मा हाका मारतच होती.

हे सगळं बसवंत दुकानातून बघत होता. डॉक्टर पुन्हा गावात आल्या तेव्हा तो आपण होऊन चावडीवर गेला आणि बाही वर करून बसला.

"घ्या. हिनं रोज जळून जळून जीव द्यायचा, आन्‌ कशानं झालं ते कुनालाच ठाऊक न्हाई, हे बरं न्हाई. निदान पुढच्या एखाद्या आईला तरी कळू द्या."

मागोमाग रत्नम्मानं हात पुढं केला. शिवमूर्तीचं रक्त काढणं अवघड होतं. गुरम्मानं त्याच्यापुढं तागडीचं पारडं धरलं आणि ते हलत असताना काम उरकलं. पण वीज नव्हती आणि माझ्या डब्यांतला बर्फ वितळलेला. नमुने नांदेडपर्यंत टिकायचे कसे? बसवंत दुकानात धावला. त्याच्या फ्रीजमध्ये अजून घट्ट गोठलेल्या रंगीत पाण्याच्या नळ्या होत्या, पोरं ज्यांना पेप्सी म्हणतात त्या. त्यानं सगळ्या माझ्या पोटात ओतल्या. लाल, पिवळ्या, हिरव्या नळ्यांच्या मधोमध त्या तिघांचं रक्त घेऊन मी निघाले. बाहेरची पोरं हळहळत बघत होती.

पण निघण्याआधी एक गोष्ट घडली. मलप्पा सरपंच चावडीत होतेच. डॉक्टरांनी गावाची संख्या पुन्हा विचारली. "सांगितलं की, शून्य," ते म्हणाले.

रत्नम्मा उभी राहिली. पदर डोक्यावर, नजर जमिनीकडं, पण आवाज खणखणीत. "शून्य कसं? माझा शिवमूर्ती हाय की. आदी त्याचं नाव लिहा."

मग टाळ्या वाजवणाऱ्या मुलाचा बाप मागून म्हणाला, "माझ्या बी घरात एक हाय." थोड्या वेळानं 'पाहुण्यांची' पोरगीही घरचीच निघाली.

त्या मोजणीमुळं पुढं एक शिकवणाऱ्या ताई आठवड्याला निंबहाळला येऊ लागल्या. शिवमूर्ती चित्रांच्या पाट्या दाखवून भूक, पाणी, झोप सांगायला शिकला. शब्द काही परत आले नाहीत. डोकं आपटणं मात्र कमी झालं.

नांदेडहून निरोप आला. त्या तिघांच्या रक्तात ठोस असं काही सापडलं नव्हतं. आणखी पुष्कळ घरांचं रक्त तपासावं लागेल, शोध चालू आहे. रत्नम्मानं तो निरोप दोनदा वाचून घेतला आणि वहिदाला म्हणाली, "म्हंजे अजून बघून राहिलेत. बघू द्या."

मित्रांनो, मीही वाट बघते आहे. तुमच्या गल्लीत एखादं पोर हाकेला वळत नसेल, तर त्याला वेडा म्हणू नका. त्याच्या आईला दोष देऊ नका, आणि भीतीपायी धाकट्या भावंडांची सुई चुकवू नका. असं का होतं, याचं पुरं उत्तर अजून कुणापाशी नाही. ते यायचं तेव्हा येईल. तोवर त्या पोराला दाराआड ठेवू नका, एवढंच माझं मागणं आहे.