रेंगीची टॅक्सी

अख्ख्या सानगडीत परदेशातल्या टॅक्सीत बसून आलेला माणूस एकच, कृष्णराव कापगते, आणि ही गोष्ट त्यांनी गावाला कधी विसरू दिली नाही. बहात्तर सालच्या सुमारास ते यात्रेच्या बसनं पशुपतिनाथाला गेले, काठमांडूत सोबत्यांपासून चुकले आणि टॅक्सी करून धर्मशाळेत परतले. त्या टॅक्सीवाल्यानं त्यांना एकाच देवळाभोवती पुन्हा पुन्हा फिरवलं. हे आपले दर खेपेला टोपी काढून हात जोडत होते, आणि मनात म्हणत होते, काय देवभोळा मुलूख आहे, देवळं तरी किती. उतरल्यावर कळलं की देऊळ एकच होतं आणि छत्री टॅक्सीत राहिली होती. तेव्हापासून परदेशातल्या टॅक्सीवर बोलायचा मान त्यांचा. पण ऐकणार कोण? सानगडीचा माणूस लांबात लांब गेला तर तुमसरला, धान घेऊन.

ब्याऐंशी साली मात्र त्यांचं नशीब उघडलं. त्यांच्या थोरल्या वहिनीला, गोदावरीबाईला, कुवेतला जायची वेळ आली.

गोदावरीबाईची एकुलती एक लेक वच्छला नवऱ्याबरोबर कुवेतला होती. जावई तुलाराम तिथं वेल्डर. वच्छलाचं पहिलं बाळंतपण आलं. पहिलटकरणीनं माहेरी यायचं ही रीत, पण डॉक्टरनं प्रवास मना केला. पोरीला माहेरी येता येत नाही तर माहेरानं उठून पोरीकडं जायचं, हे गोदावरीबाईनं एका दमात ठरवलं. तिकीट जावयानं पाठवलं. व्याही तेजरामजी जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला, चार शहरं पाहिलेले, ते मुंबईला विमानात बसवून देणार होते. तेवढा एक निरोप जावयाकडून आला, की नेमकी ड्यूटी लागली तर मला घ्यायला येता येणार नाही, मामींनी टॅक्सी करून यावं.

निरोप ऐकला आणि कृष्णराव ताठ बसले. "एकटी बाई," ते म्हणाले, "परका मुलूख, आन टॅक्सी." त्यांनी वहिनीचा पासपोर्ट आपल्या लोखंडी पेटीत टाकला, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. "पयले टॅक्सीत बसाले शिका, वयनी. पास झाल्या तं खुशाल जा. नाही झाल्या तं मी काही तुमाले जाऊ देत नाही."

थोरले भाऊ वारल्यापासून त्या घरात शब्द कृष्णरावांचा. गोदावरीबाईच्या डोळ्यांपुढं दिवस भरत आलेली, परक्या गावात एकटी पडलेली लेक होती. तिनं राग गिळला. "शिकवा," म्हणाली.

शाळा भरली तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर. टॅक्सी म्हणजे घरची रेंगी, सोयऱ्याधायऱ्यांची ने-आण करायची हलकी बैलगाडी. ड्रायव्हर म्हणजे घरचा गडी खुशाल. कोणाच्या तरी लग्नातला काळा चष्मा त्याला चढवला होता. टॅक्सीचा नंबर पाहून ध्यानात ठेवावा, हा पहिला नियम, म्हणून रेंगीवर चुन्यानं नंबर घातला. मीटर चालू आहे का बघावं, म्हणून धान मोजायची पायली पालथी घालून तिच्यावर गजराचं घड्याळ ठेवलं. दार आतून उघडतं का हे पाहिल्याशिवाय बसू नये, हा फार मोठा नियम. आता रेंगीला दार कुठून आणायचं? कृष्णरावांनी स्वयंपाकघरातल्या फडताळाचं दार उचकटलं आणि सुतळीनं रेंगीला बांधलं. त्या दिवसापासून घरातलं दूध मांजरीच्या मालकीचं झालं.

अर्धं गाव तमाशा बघायला जमलं. शेजारचा परसराम मोठा शंकेखोर. तो म्हणाला, "कृष्णरावजी, बैलाईले तं रस्ता मालूम आहे. हे परदेश कसं काय झालं?" कृष्णरावांना ते पटलं. मग बैलांच्या डोळ्यांवर दुपट्टे बांधले, आणि टॅक्सी सरळ तलावात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपट्टे सोडून पुन्हा सुरुवात झाली. खुशाल हिंदीत बोलू लागला, कारण परदेशात हिंदी बोलतात असं तो तुमसरला जाऊन ऐकून आला होता.

"कहाँ जाना है, माताजी?"

"पोरीच्या घरी, बापा. तू जेवला का?"

"नापास," कृष्णराव पारीवरून म्हणाले. "ड्रायव्हरले जेवाचं इचारू नये."

"काहून? उपाशी मानूस गाडी कसा हाकल?"

"त्याले वाटते, बाई भोळी आहे."

एकदा बैल आपल्या सवयीनं रस्ता सोडून धानाच्या बांधीकडं, खाचराकडं वळले. गोदावरीबाईनं 'रस्ता चुकला, गाडी थांबव' असं ओरडायला हवं होतं. ती म्हणाली, जाऊ दे, तहानले असतील. पुन्हा नापास. एकदा तिनं बोचकं मागं ठेवू दिलं, नापास. एकदा रेंगीत तिचा डोळा लागला, तर खुशालनं तिला परसरामच्या अंगणात नेऊन उभं केलं आणि हे दुबई आहे म्हणून सांगितलं.

पण सगळ्यात घोडं अडत होतं ते एका नियमावर. ड्रायव्हर गोड बोलून विचारतो, घरी कोण आहे. तिथं आपण एकटे आहोत हे कळू द्यायचं नाही. आपली वाट पाहणारं कोणीतरी आहे, असं ठणकावून सांगायचं.

"घर में कौन है, माताजी?" खुशाल विचारायचा.

"कोणी नाही रे बापा. मालक गेले. पोरगी तिकडं पडली."

"अवो वयनी," कृष्णराव कपाळावर हात मारून घ्यायचे, "सांगा ना, पाच भाऊ आहेत. पाची पोलिसात आहेत. दारात उभे राहून वाट पाहून राहिले."

"मले भाऊच नाही, भाऊजी. खोटं बोलाले जीभ वळत नाही माही."

या एका नियमावर ती रोज नापास व्हायची. बाकीचे नियम तिनं हळूहळू पाठ केले. नंबर बघायची, घड्याळ बघायची, फडताळाचं दार दोनदा उघडून लावायची, ओळखीचा म्हणाला तरी वाटेत कोणाला बसवायचं नाही हे घोकायची. पण तिच्या लक्षात एक गोष्ट येऊ लागली. ती पास व्हायला आली की नवा नियम निघायचा. मिशीवाल्याच्या टॅक्सीत बसायचं नाही. अमावास्येला बसायचं नाही. एके दिवशी तर, टॅक्सी हिरवी असेल तर सोडून द्यायची असं निघालं, आणि कारण विचारलं तर कृष्णराव म्हणाले, काठमांडूची हिरवी होती.

त्या दिवशी गोदावरीबाईचा बांध फुटला. ताट वाढता वाढता तिनं पळी आपटली. "मी जाऊ नये असं तुमाले वाटते. तसं तोंडानं सांगा ना मंग. माह्या पोरीचे तिकडं दिवस भरत आले, आन मी इथं बैलाईले मीटर लावून राहिली."

कृष्णराव खाली मान घालून जेवत राहिले. त्यांची बायको, शकुनबाई, तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ते वहिनीच्या चुलीवर जेवत होते. घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हेही त्या माणसाला ठाऊक नव्हतं. पण तोंडानं कबूल करतील तर ते कृष्णराव कसले? हात धुता धुता एवढंच म्हणाले, "शेवटची परीक्षा खऱ्या टॅक्सीत होईल."

साकोलीत लग्नावऱ्हाडासाठी भाड्यानं मिळणारी एक अँबेसेडर होती. तिचा ड्रायव्हर ईश्वर. कृष्णरावांनी त्याला पढवून ठेवलं, की बाईला साकोलीच्या मोटार स्टँडवरून घे, सानगडीला आणताना जमेल तेवढी बदमाशी कर. बिचारा ईश्वर सरळ माणूस. बदमाशी म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यानं दोन वेळा विचारून घेतलं.

गोदावरीबाई स्टँडवर आली. नंबर वाचता येत नव्हता, तर तिनं आकड्यांची चित्रं डोळ्यांत साठवली. दार उघडून बघितलं, लावून बघितलं, पुन्हा उघडलं. भाडं आधी ठरवलं. बोचकं मांडीवर घेतलं आणि मागं बसली. ईश्वर जेवला की नाही हे तिनं विचारलं नाही. जीव तुटला तिचा, पण नाही विचारलं.

साकोली मागं पडली, दोन्ही अंगांना बांध्या लागल्या, आणि मोहाच्या झाडाखाली एक माणूस हात करताना दिसला. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे. ईश्वरनं पढवल्याप्रमाणं गाडी थांबवली.

"मलेही सानगडीले जाचं आहे," दुपट्ट्यातून आवाज आला.

गोदावरीबाईनं त्याच्या धोतराकडं पाहिलं. गुडघ्याजवळचं ठिगळ तिनं स्वतः लावलं होतं. तिला हसू आलं, मग राग आला, आणि रागाच्या पोटात एक फार गोड विचार आला.

"मधेच कोणाले बसवत नसतात," ती म्हणाली.

"मी तुमच्या ओळखीचा आहो, बाई."

"बदमाश पयले हेच म्हणतो."

दुपट्टा सुटला. "अवो वयनी, मी आहो. कृष्णराव."

"ओळखीचा म्हणाला तरी बसवाचं नाही, भाऊ म्हणाला तरी नाही. आमच्या भाऊजीचा नियम आहे."

"शाबास," कृष्णराव घाम पुसत म्हणाले. "पास झाल्या. आता उघडा दार."

गोदावरीबाईनं दार आतून आणखी घट्ट ओढून धरलं. "पास झाली म्हणून दार उघडलं तं मी पुन्हा नापास. तुमी मले इतकी भोळी समजता का? ईश्वर, चल बापा."

ईश्वर एकदा मागं बघे, एकदा बाहेर. "बाई, मले आणखी तुमाले भलत्या रस्त्यानं न्याचं होतं. पैसे घेतले आहेत जी."

"ते ऱ्हाऊ दे. सीधा सानगडीले चल."

गाडी गेली. मोहाच्या झाडाखाली कृष्णराव उभे राहिले, हातात दुपट्टा. धुरळा खाली बसल्यावर परीक्षक चालू लागले.

दिवेलागणीला ते घरी पोचले. चप्पल तुटलेली, धोतर काट्यांत फाटलेलं. गोदावरीबाईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि ताट मांडलं. लाखोरीचं वरण, भात, वर तूप. ईश्वरला तिनं जेवू घालूनच परत पाठवलं होतं, कारण गाडीतून उतरल्यावरचा नियम कोणी सांगितला नव्हता.

कृष्णराव जेवले, हात धुतले. मग करगोट्याची किल्ली सोडली, पेटी उघडली आणि पासपोर्ट तिच्यापुढं ठेवला. त्याच्यावर एक नवी कोरी छत्री ठेवली.

"तिकडं पाणी पडत नाही म्हणतात," ती म्हणाली.

"असू द्या. टॅक्सीत इसरू नका." ते पुन्हा रिकाम्या ताटापुढं येऊन बसले. "मीठ कोणत्या डब्यात राहते?"

"खालच्या. हिरव्या."

"हिरव्या," त्यांनी मान हलवली. "एक प्रश्न राहिला, वयनी. तो नियम तुमाले कधी जमला नाही. तिकडचा ड्रायव्हर इचारल, घरी कोण आहे. तं काय सांगान?"

गोदावरीबाईनं छत्री उघडून पाहिली, मिटली, मांडीवर घेतली.

"सांगीन," ती म्हणाली, "सानगडीले दीर आहे. वाट पाहून राहिला."

कृष्णरावांनी तिच्याकडं बघितलं नाही. रिकाम्या ताटातच बोट फिरवत राहिले.

"आन हे खोटं नाही म्हणून जीभ वळली," ती म्हणाली. "आणखी भात वाढू का, भाऊजी?"

"वाढा," कृष्णराव म्हणाले.